घटक ६ : विशेषनाम आणि नामसाम्य – शिडांच्या काळातील युद्धनौकांची नावे

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर विशेषनाम आणि सामान्यनाम यांच्यातील सीमारेषा कोठे पुसट होते, हे आपणांस उदाहरणांनी दाखवता येईल. 'एक नाव, अनेक वस्तू' आणि 'एक वस्तू, अनेक नावे' या दोन स्थितींतील भेद सांगता येईल. जुन्या कागदपत्रांत, चरित्रांत किंवा प्रवासवर्णनांत आलेले नाव नेमके कोणाचे आहे, हे ठरवताना कोणता पुरावा मागावा, याचीही कल्पना येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, शालेय व्याकरणात आपण शिकलो की, ज्या नामाने जातीचा नव्हे तर त्या जातीतील एका विशिष्ट व्यक्तीचा, प्राण्याचा किंवा वस्तूचा बोध होतो ते विशेषनाम. 'नदी' हे सामान्यनाम, 'गोदावरी' हे विशेषनाम. व्याख्या सोपी आहे, परंतु तिच्यातील 'एका' हा शब्द व्यवहारात फार वेळ टिकत नाही.

नवघर हे नाव घ्या. मीरा-भाईंदर शहरातील नवघर ठाणे तालुक्यात येते. खाडी ओलांडून पलीकडे गेले की वसईजवळ दुसरे नवघर लागते. तेथे नवघर-माणिकपूर अशा जोडनावाची नगरपरिषद होती. मुलुंड पूर्वेला नवघर रस्ता आहे आणि उरण तालुक्यात आणखी एक नवघर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर भाईंदरचे आणि वसईचे अशी दोन्ही नवघरे ठाणे जिल्ह्यातच होती. त्यामुळे 'मौजे नवघर, जिल्हा ठाणे' एवढ्याच मजकुराने जमीन ठरत नसे. तालुका लिहावाच लागे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर गावाखाली तालुका आणि जिल्हा छापलेला असतो, तो शोभेसाठी नव्हे. (या नावातील 'नव' म्हणजे नवे की नऊ, हेही केवळ रूपावरून ठरत नाही. संस्कृतातील दोन भिन्न शब्द मराठीत येऊन एकाच रूपात उभे राहिले आहेत. शब्दांच्या नामसाम्याचा विचार आपण घटक ४ मध्ये केला आहे.)

गावे जागची हलत नाहीत, म्हणून तालुका सांगितला की प्रश्न मिटतो. जहाजे मात्र हलतात, बुडतात, पकडली जातात, शत्रूच्या ताफ्यात जाऊन जुन्याच नावाने लढतात आणि मोडीत निघाल्यावर त्यांचे नाव दुसऱ्याच जहाजाला दिले जाते. म्हणूनच विशेषनामाच्या अभ्यासाला शिडांच्या काळातील युद्धनौकांइतके चांगले क्षेत्र क्वचित सापडेल. आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी की, या जहाजांपैकी काही मुंबईच्या गोदीत, मलबारच्या सागवानातून, येथल्याच कारागिरांनी बांधली होती. त्यांची नावे एकमेकांत मिसळली की त्या कारागिरांच्या कामाचा हिशेबही चुकतो.

६.२ सासष्टी, साष्टी, साल्सेट

भाईंदरचे नवघर ज्या बेटावर आहे त्याचे जुने नाव साष्टी. सहासष्ट गावांचा समूह म्हणून सासष्टी आणि पुढे उच्चारसौकर्याने साष्टी, अशी त्याची रूढ व्युत्पत्ती आहे. मडगाव ज्या तालुक्यात आहे तो गोव्यातील तालुकाही सासष्टीच, आणि त्याच्या नावाचा उलगडाही सहासष्ट गावांवरूनच करतात. संख्येवरून पडलेली नावे अशी एकाहून अधिक ठिकाणी उगवतात, कारण मोजणी कोणीही करू शकतो. इंग्रजी लेखनात ठाण्याकडच्या बेटाचे 'साल्सेट' हे रूप रूढ झाले.

हे बेट मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगिजांकडून घेतले. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकून ते बळकावले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर ते त्यांच्याकडेच राहिले. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आतबाहेर 'साल्सेट' हे नाव एका युद्धनौकेवर चढले. ब्रिटिश नौदलासाठी मुंबईच्या गोदीत मुद्दाम बांधलेले हे पहिले जहाज. ते छत्तीस तोफांचे फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराचे वेगवान लढाऊ जहाज होते, आणि जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सिद्ध होऊन जानेवारी १८०५ मध्ये पाण्यात उतरले. 'वाडिया' हेही मुळात विशेषनाम नव्हे. जहाज बांधणारा सुतार, असा त्या शब्दाचा अर्थ. लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याला धंद्याचे नाव आडनाव म्हणून चिकटले.

पाण्यात उतरताना या जहाजाचे नाव 'साल्सेट' नव्हते. इंग्लंडचा पंतप्रधान पिट याच्यावरून ते 'पिट' म्हणून ओळखले जात होते. 'साल्सेट' हे नाव त्याला मागाहून मिळाले. त्याच गोदीत त्याच आराखड्याचे दुसरे एक फ्रिगेट १८०७ साली पाण्यात उतरले. त्याच्याही कागदांत 'पिट' आणि 'साल्सेट' ही दोन्ही नावे डोकावतात, परंतु अखेर ते 'डोरिस' म्हणून नौदलात गेले. एकाच गोदीत, दोन वर्षांच्या अंतराने, सारख्याच मापाची दोन जहाजे आणि त्यांच्यात फिरणारी दोन नावे, अशी ही स्थिती आहे. 'मुंबईत बांधलेले पिट' एवढेच वाचून कोणी निष्कर्ष काढू लागला, तर त्याला थांबवून जलावतरणाचे वर्ष विचारले पाहिजे.

पुढे या साष्टीकर जहाजाने फार दूरचा प्रवास केला. १८०८–०९ च्या हिवाळ्यात ते बाल्टिक समुद्रातील बर्फात अडकले आणि त्यातून सुखरूप बाहेर आले. सागवानी बांधणीचे गुण सांगताना या प्रसंगाचा दाखला पुढे अनेकांनी दिला. ३ मे १८१० रोजी इंग्रज कवी बायरन दार्दानेल्सची सामुद्रधुनी पोहून गेला. तेव्हा त्याच्याबरोबर पोहणारा लेफ्टनंट एकनहेड याच जहाजावरचा होता, आणि बायरनही याच जहाजावरून तेथे आला होता. बायरनच्या चरित्रात 'साल्सेट' हा शब्द वाचणाऱ्या किती जणांना भाईंदर, ठाणे, घोडबंदर आठवत असेल, हा प्रश्नच आहे. जहाजाला नाव दिले की मूळ जागेचा अर्थ हळूहळू झिजतो आणि उरतो तो केवळ निर्देश.

६.३ एक नाव, अनेक जहाजे : त्रफाल्गार

'झिजणे' या गोष्टीला तत्त्वज्ञानात एक जुनी बाजू आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली असे मांडले की, विशेषनाम वस्तूचा निर्देश करते, तिचे गुण सांगत नाही. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून एखाद्या गावाला डार्टमाउथ नाव पडले, तरी नदीने पात्र बदलल्यावर त्या गावाचे नाव खोटे ठरत नाही. फ्रेगे याने १८९२ मध्ये यात दुरुस्ती सुचवली : एकाच वस्तूची दोन नावे असली तर त्यांचा निर्देश एक असूनही ती वस्तू आपल्यापुढे येण्याची रीत वेगळी असते. विसाव्या शतकात क्रिपकी याने नामकरणाच्या प्रसंगापासून बोलणाऱ्यापर्यंत येणाऱ्या वापराच्या साखळीवर भर दिला. प्रस्तुत घटकासाठी यांतील क्रिपकीचा विचार सर्वांत उपयोगी पडतो, कारण जहाजांच्या बाबतीत ही साखळी कोठे तुटली आणि कोठे दुसऱ्या साखळीत अडकली, हे कागदावर शोधता येते.

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी त्रफाल्गारच्या भूशिराजवळ ब्रिटिश ताफा एका बाजूस आणि फ्रेंच व स्पॅनिश ताफे दुसऱ्या बाजूस, अशी लढाई झाली. त्या दिवशी समुद्रावर 'नेपच्यून' या देवतेच्या नावाची तीन जहाजे होती : एक ब्रिटिश, एक फ्रेंच आणि 'नेप्तुनो' या रूपात एक स्पॅनिश. 'आशील' दोन होती, तीही परस्परविरोधी बाजूंना. 'स्विफ्टशूर' सुद्धा दोन होती, आणि येथे गंमत अधिक आहे, कारण फ्रेंच बाजूचे 'स्विफ्टशूर' हे मूळचे ब्रिटिश जहाज. फ्रेंचांनी ते १८०१ साली पकडले आणि नाव न बदलता वापरले. इंग्रजांनी त्या नावाचे नवे जहाज बांधले, आणि त्रफाल्गारला नवे व जुने 'स्विफ्टशूर' समोरासमोर आले. जुने परत हाती लागल्यावर ते नाव त्याला परत देता येईना, कारण ते आता दुसऱ्याचे झाले होते. त्याचे नामकरण 'इर्रेझिस्टिबल' असे करावे लागले.

आता पुढील वाक्य पाहा : 'दिवसाच्या अखेरीस आशील पेटले आणि नष्ट झाले.' हे वाक्य फ्रेंच 'आशील'विषयी सत्य आहे, ब्रिटिश 'आशील'विषयी असत्य आहे. वाक्यात व्याकरणदृष्ट्या काहीही उणे नाही; उणीव आहे ती निर्देशाची. आपण ती 'फ्रेंच आशील' असे म्हणून भरून काढतो. परंतु तसे म्हणताच एक मौजेची गोष्ट घडते. विशेषनामाला आपण भेद करणारे विशेषण लावले, म्हणजे त्याला एका जातीचे नाव असल्यासारखे वागवले. 'त्या लढाईत दोन स्विफ्टशूर होती' या वाक्यात तर उघडच अनेकवचन आहे. मराठी व्याकरणाचा सर्वमान्य दंडक असा की, विशेषनामाचे अनेकवचन होत नाही. झाले तर ते सामान्यनाम झाले असे समजावे. 'आमच्या वर्गात तीन पाटील आहेत' हे पाठ्यपुस्तकी थाटाचे उदाहरण आणि 'दोन स्विफ्टशूर' हे उदाहरण, दोन्ही याच नियमाखाली येतात. वर 'दोन्ही नवघरे' असे लिहिताना आपण हेच केले.

याच लढाईत उलट स्थितीचेही उदाहरण मिळते. ब्रिटिश 'बेलआइल' हे पूर्वीचे फ्रेंच 'फॉर्मिदाब्ल'. १७९५ साली इंग्रजांनी ते पकडले तेव्हा त्यांच्याकडे 'फॉर्मिडेबल' नावाचे जहाज आधीच होते. म्हणून ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळील एका बेटाचे नाव त्याला दिले. फ्रेंचांनी आपल्या दुसऱ्या एका जहाजाला 'फॉर्मिदाब्ल' म्हणायला सुरुवात केली. त्रफाल्गारला म्हणून एकाच ठिकाणी एक जुने 'फॉर्मिदाब्ल' नाव बदलून इंग्रजांकडून लढत होते आणि एक नवे 'फॉर्मिदाब्ल' फ्रेंचांकडून. नवेही पंधरवड्याच्या आत, ४ नोव्हेंबरला पकडले गेले आणि 'ब्रेव्ह' झाले. ताफ्यातील नाव टिकवण्याची ही धडपड मला एखाद्या घराण्यातील आजोबांचे नाव नातवाला देण्यासारखी वाटते. फरक इतकाच की येथे आजोबा कधीकधी शत्रूच्या घरी जिवंत असतात.

आपली प्रगती तपासा – १
(अ) 'दोन स्विफ्टशूर' या शब्दसंहतीत विशेषनामाचे सामान्यनाम झाले असे का म्हणता येते?
(आ) 'बेलआइल' आणि 'फॉर्मिदाब्ल' यांचे उदाहरण फ्रेगेच्या विचाराशी जोडून चार-पाच वाक्ये लिहा.

६.४ नाव मोकळे करणे

एकाच वेळी सेवेत असलेल्या दोन जहाजांना एक नाव नको, हा नौदलाचा सर्वसाधारण संकेत होता. आदेशपत्रे, पगारपत्रके आणि दारूगोळ्याचे हिशेब नावावर चालत. नाव दुहेरी झाले तर माल चुकीच्या गोदीत जाई. त्यामुळे नवे मोठे जहाज यायचे असेल, तर जुन्याला दुसरे नाव देऊन पहिले मोकळे करीत. मुंबईच्या जहाजांत याची दोन बोलकी उदाहरणे आहेत.

पहिले 'कॉर्नवॉलिस' मुंबईत कंपनीच्या सेवेसाठी बांधले गेले. १८०५ मध्ये नौदलाने ते विकत घेतले. १८०७ च्या डिसेंबरात प्रशांत महासागरातून जात असता त्याचा कप्तान चार्ल्स जॉन्स्टन याने एक निर्जन प्रवाळबेट पाहिले. ते आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. १८११ साली या जहाजाला 'अकबर' असे नाव देण्यात आले. इंग्रजांच्या युद्धनौकेवर मुघल बादशहाचे नाव, ही गोष्ट त्या काळी विचित्र वाटली नसावी. सत्तेला नावांची शिल्लक वापरायला संकोच नसतो. १८१३ मध्ये मुंबईच्याच गोदीतून चौऱ्याहत्तर तोफांचे नवे 'कॉर्नवॉलिस' पाण्यात उतरले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेले, तो तह या दुसऱ्या जहाजाच्या डेकवर. दोन्ही जहाजे मुंबईची, दोन्ही सागवानी, दोन्हींच्या पाठीवर वाडियांचा हात. म्हणून 'मुंबईत बांधलेले कॉर्नवॉलिस' हे वर्णनही येथे अपुरे पडते. १८०७ चे बेट आणि १८४२ चा तह एकाच जहाजाच्या खात्यावर टाकले, तर एका जहाजाला दुहेरी यश मिळते आणि दुसरे नाहीसे होते.

दुसरे उदाहरण 'बॉम्बे'चे. १७९३ साली मुंबईत बांधलेले 'बॉम्बे' नौदलाने १८०५ मध्ये घेतले आणि १८०८ मध्ये त्याचे 'सिलोन' केले. हेच 'सिलोन' सप्टेंबर १८१० मध्ये फ्रेंचांच्या हाती पडले आणि लगेच सोडवले गेले. १८२८ मध्ये चौऱ्याऐंशी तोफांचे नवे 'बॉम्बे' मुंबईतच बांधले गेले. ते पुढे वाफेवर चालवण्याजोगे करण्यात आले आणि १८६४ मध्ये दक्षिण अमेरिकेत माँटेव्हिडिओजवळ आग लागून नष्ट झाले.

'डोरिस'चीही साखळी अशीच आहे. पहिले 'डोरिस' जानेवारी १८०५ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ फुटले. मुंबईचे 'डोरिस' त्यानंतरचे. मराया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका १८०९ मध्ये मुंबईस आली होती आणि भारतातील वास्तव्याचे तिचे पुस्तक १८१२ साली प्रसिद्ध झाले. १८२१ मध्ये कप्तान असलेल्या नवऱ्यासह ती दक्षिण अमेरिकेकडे निघाली ती याच 'डोरिस'मधून. मुंबई पाहून गेलेली बाई मुंबईच्या लाकडावर बसून चिलीला पोहोचली. जहाजाचे वर्ष तपासले नाही, तर हे लक्षातही येत नाही.

यावरून इतिहासलेखकांनी एक साधी रीत पत्करली आहे : नावापुढे कंसात जलावतरणाचे वर्ष लिहायचे, 'कॉर्नवॉलिस (१८१३)'. आपल्याकडे राजपुरुषांसाठी क्रमवाचक आणि उपपदे वापरतात : पहिले बाजीराव, दुसरे बाजीराव, माधवराव आणि सवाई माधवराव. काम तेच. वर्ष हे मात्र क्रमापेक्षा विश्वासार्ह, कारण मधले एखादे जहाज नव्याने सापडले तर 'दुसरे' हे 'तिसरे' होते; वर्ष बदलत नाही.

६.५ मराठी आरमारातील नामव्यवहार

मराठी साधनांत वेगळे चित्र दिसते. बखरींत आणि पत्रांत आरमाराचे वर्णन बहुधा जातिनामांनी येते : गुराब, गलबत, तरांडे, शिबाड, मचवा, पाल. जहाज कोणत्या जातीचे, त्यावर सरदार कोण आणि ते कोणत्या बंदराचे, या तीन खुणांनी ओळख पुरी होते. यातील 'गुराब' हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ कावळा. इंग्रजांनी तोच उचलून 'ग्रॅब' केला आणि 'गलबत'चे 'गॅलिव्हॅट' केले. शब्दाची ही देवघेव पाहिली की लक्षात येते, शत्रूचे जहाज आधी भाषेत पकडले जाते.

जहाज हाती आले की नावाचे काय होते, याचे ठळक उदाहरण विजयदुर्गचे. कंपनीचे 'रेस्टोरेशन' हे जहाज तुळाजी आंग्र्यांनी १७४९ मध्ये पकडले. पुढची सात वर्षे ते आंग्र्यांच्या ताफ्यात होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी संगनमत करून इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा याच जहाजाला प्रथम आग लागली आणि ती पसरून बंदरातील आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रजी वृत्तांतात शेवटपर्यंत ते 'रेस्टोरेशन'च आहे. सात वर्षे मराठी खलाशांनी चालवलेले जहाज त्यांच्या लेखी आपलेच राहिले. किल्ल्याचे नाव मात्र त्याच वृत्तांतात 'घेरिया' येते. मालकी कोणाची मान्य करायची आणि कोणाची नाही, हे नाव घेण्यातून दिसते. म्हणून साधन वाचताना नाव कोणत्या पक्षाने लिहिले तेही पाहावे.

लिंगाबद्दल एक टीप येथेच देतो. मराठीत 'जहाज', 'गलबत' नपुंसकलिंगी. 'नौका', 'गुराब' स्त्रीलिंगी. जहाजाचे विशेषनाम स्वतःचे लिंग सोडून पुष्कळदा जातिनामाचे लिंग घेते. 'विक्रांत' हे विशेषण पुरुषाला शोभणारे, तरी वृत्तपत्रे 'विक्रांत दाखल झाली' असे लिहितात, कारण मनात 'युद्धनौका' हा शब्द असतो. प्रस्तुत घटकात 'जहाज' गृहीत धरून नपुंसकलिंग योजले आहे.

६.६ नाव चालू ठेवणे

शिडे गेली, नावांची रीत राहिली. पहिली 'विक्रांत' १९६१ ते १९९७ भारतीय नौदलात होती. त्याच नावाची दुसरी २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. 'खुकरी' ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ बुडाली. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली दुसरी 'खुकरी' १९८९ मध्ये आली आणि २०२१ मध्ये निवृत्त झाली. बुडालेल्या जहाजाचे नाव पुन्हा देणे हे त्यावर गेलेल्या माणसांचे स्मरण असते, परंतु वाचकाला त्यातून नवे काम लागते : 'खुकरीवरील अधिकारी' म्हणजे कोणत्या खुकरीवरील?

मुंबईच्या शिडांच्या जहाजांपैकी 'ट्रिंकोमाली' (१८१७) आजही तरंगते आहे, इंग्लंडमधील हार्टलपूल येथे. त्याची कथा या घटकातील सर्व प्रकार एकत्र करते. त्याच्या आराखड्याचे कागद मुंबईकडे नेणारे 'जावा' हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांनी जिंकले, म्हणून कागद पुन्हा पाठवावे लागले. पुढे १८९७ साली नेल्सनचे जुने जहाज 'फुद्रॉयां' वादळात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटले. त्याच्या मालकाने त्याऐवजी 'ट्रिंकोमाली' विकत घेतले आणि त्यालाच 'फुद्रॉयां' म्हणू लागला. पाऊणशेहून अधिक वर्षे मुंबईचे हे जहाज नेल्सनच्या जहाजाच्या नावाने वावरले. १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले. त्या मधल्या काळातील एखादे छायाचित्र 'फुद्रॉयां' या मथळ्याखाली मिळाले, तर चित्रातील लाकूड नेल्सनच्या जहाजाचे नसून जमशेटजींच्या गोदीतले आहे.

आपली प्रगती तपासा – २
(अ) 'कॉर्नवॉलिस'च्या दोन जहाजांसाठी 'मुंबईत बांधलेले' हे विशेषण का पुरे पडत नाही?
(आ) इंग्रजी वृत्तांतात 'रेस्टोरेशन' हे नाव टिकले आणि विजयदुर्गचे 'घेरिया' झाले. यांतून लेखकाच्या पक्षाविषयी काय समजते?

स्वाध्याय
१. आपल्या तालुक्यात किंवा शेजारच्या तालुक्यात एकाच नावाची दोन गावे असतील तर ती शोधा. सातबारा, बसचा फलक, लग्नपत्रिका आणि बोलणे या चार ठिकाणी त्यांत भेद कसा केला जातो, ते प्रत्येकी एका उदाहरणाने लिहा.
२. घरातील एकाच नावाच्या दोन पिढ्यांतील व्यक्तींना नातेवाईक कसे वेगळे ओळखतात, याची नोंद करा आणि जहाजांच्या वर्षनिर्देशाशी तिची तुलना करा.
३. एखाद्या वृत्तपत्रातील युद्धनौकेविषयीची बातमी घ्या. तीत नौकेच्या नावाला कोणते लिंग व वचन दिले आहे, ते क्रियापदांवरून दाखवा.